कर्नल अपडेट झाला की वायफाय गायब: एका कार्डावर दोन ड्रायव्हरांचा दावा

कळव्यातल्या आमच्या अभ्यासिकेत सात लॅपटॉप आहेत. सगळे देणगीतून आलेले, बहुतेक २०११ ते २०१४ च्या सुमाराचे, आणि सगळ्यांवर लिनक्स मिंट. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी अशा परीक्षांची तयारी करणारी मुलंमुली सकाळी सहापासून तिथे बसतात. जुने पेपर, चालू घडामोडी, ऑनलाइन सराव चाचण्या, सगळं या सात यंत्रांवर चालतं. देखभाल माझ्याकडे आहे. गेली दोन वर्षं एकच तक्रार फिरून फिरून येत होती: "दादा, काल अपडेट केलं, आज वायफायच दिसत नाही."

दर वेळी माझा उपाय ठरलेला. यंत्र चालू होताना ग्रबचा, म्हणजे कुठल्या कर्नलने सुरू व्हायचं ते विचारणारा, मेनू उघडायचा, 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन मागचा कर्नल, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची मागची आवृत्ती, निवडायचा. वायफाय परत यायचं आणि महिना-दीड महिना शांतता. मग पुढचा कर्नल यायचा आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

हे असं चालून गेलं असतं. पण एका भरतीचा फॉर्म भरायच्या शेवटच्या संध्याकाळी मी ऐरोलीहून ठाण्याच्या गाडीत होतो. दिघा गाव मागे पडलं तेवढ्यात फोन आला. तीन नंबरच्या लॅपटॉपवर नेट नाही, आणि मागचा कर्नल मेनूत सापडत नाही. जुने कर्नल साफ करताना तो निघून गेला होता. त्या मुलीने शेवटी मोबाईलवर फॉर्म भरला. फोटो आणि सही ठरलेल्या मापात बसवण्यात तिचा तासभर गेला, आणि तिच्या शेजारी बसून मला नुसतं बघत राहावं लागलं. त्याच रात्री तीन नंबर घरी नेला आणि मुळापर्यंत जायचं ठरवलं.

मूळ असं निघालं: लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड धडधाकट होतं, राउटरही. त्या एका कार्डावर दोन वेगवेगळे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे प्रोग्राम, हक्क सांगत होते, आणि त्यांच्यातलं भांडण मिटवायला कधीतरी लिहिलेल्या दोन फायलींनी मिळून दोघांनाही दारातच अडवलं होतं. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स चालवणाऱ्या बऱ्याच जणांच्या वाट्याला हा प्रकार येतो, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

एक सूचना आधी. आज्ञा मी फोनवर मुलांना सांगतो तशा, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहायच्या खिडकीत, त्या रोमन लिपीतल्या छोट्या अक्षरांत टाइप करायच्या.

आधी नेट मिळवा

वायफाय दुरुस्त करायला बहुतेक वेळा नेटच लागतं. त्यासाठी मोबाईल यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला हे वायरने आलेल्या नेटसारखं दिसतं आणि वेगळा ड्रायव्हर टाकावा लागत नाही. केबल मात्र डेटाची हवी. नुसती चार्जिंगची केबल लावून अर्धा तास घालवलेले लोक मी पाहिले आहेत.

मग 'आरएफकिल लिस्ट' ही आज्ञा चालवा. 'हार्ड ब्लॉक्ड: येस' आलं तर लॅपटॉपच्या कडेचं बटण किंवा कीबोर्डवरची विमानाची कळ बंद स्थितीत आहे. 'सॉफ्ट ब्लॉक्ड: येस' आलं तर 'आरएफकिल अनब्लॉक वायफाय'. यानेच काम झालं तर पुढचं वाचायची गरज नाही. आणि या यादीत वायरलेस लॅनची नोंदच नसेल, तर बहुधा तुमचा आजार तीन नंबरसारखाच आहे.

कार्ड कोणाच्या ताब्यात आहे

सगळ्यात कामाची आज्ञा ही:

एलएसपीसीआय -एनएनके

उत्तर लांबलचक येतं. त्यातला 'नेटवर्क कंट्रोलर' असा भाग शोधा. तीन नंबरसारखं कार्ड असलेल्या यंत्रावर चांगल्या दिवशी तो असा दिसू शकतो:

नेटवर्क कंट्रोलर [०२८०]: ब्रॉडकॉम बीसीएम४३१३ [१४ई४:४७२७]
कर्नल ड्रायव्हर इन यूज: बीसीएमए-पीसीआय-ब्रिज
कर्नल मॉड्यूल्स: बीसीएमए, डब्ल्यूएल

चौकटी कंसातला शेवटचा आकडा म्हणजे कार्डाची खरी ओळख. मधल्या दोन टिंबांच्या आधीचा भाग, १४ई४, हा बनवणाऱ्याचा क्रमांक, आणि ४७२७ हा चिपचा. लॅपटॉपच्या खोक्यावर किंवा तळाच्या स्टिकरवर काय छापलंय त्यावर जाऊ नका. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांत वेगळी कार्डं निघू शकतात, आमच्याकडे निघाली आहेत.

दुसरी ओळ सांगते की या क्षणी कार्ड कोणाच्या हातात आहे. तिसरी ओळ सांगते की त्यावर हक्क सांगू शकणारी मॉड्यूलं, म्हणजे कर्नलमध्ये भरता येणारे ड्रायव्हरचे भाग, कोणती. तिसऱ्या ओळीत दोन नावं दिसली की समजायचं, इथे वाद होऊ शकतो. बिघडलेल्या दिवशी तीन नंबरवर दुसरी ओळ गायबच होती आणि तिसऱ्या ओळीत फक्त 'बीसीएमए' उरलं होतं. म्हणजे कार्ड दिसतंय, त्याचा एक वारसही ठाऊक आहे, पण ताबा कोणाकडेच नाही.

दोन ड्रायव्हर आले कुठून

ब्रॉडकॉमच्या चिपांसाठी आधी स्वयंसेवकांनी चिपचा अभ्यास करून 'बी४३' हा ड्रायव्हर लिहिला. कंपनीचा स्वतःचा 'डब्ल्यूएल' नावाचा ड्रायव्हरही होता, पण त्याचा गाभा बंदिस्त. सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमने काही चिपांसाठी खुला ड्रायव्हर दिला. तोच पुढे कर्नलमध्ये 'बीआरसीएमएसमॅक' या नावाने स्थिरावला. डब्ल्यूएल मात्र गेला नाही. त्याची शेवटची आवृत्ती २०१५ ची आहे, आणि तेव्हापासून नव्या कर्नलवर चालावा म्हणून उबुंटू, डेबियनसारख्या वितरणांचे लोक त्याला ठिगळं लावत आले आहेत. म्हणून आज ४३१३ सारख्या चिपला दोन ड्रायव्हर चालतात: कर्नलसोबत येणारा खुला, आणि वरून टाकलेला डब्ल्यूएल.

आता ताबा कसा ठरतो ते बघू. यंत्र चालू होताना कर्नल प्रत्येक कार्डाची ओळख पुकारतो. यूडेव्ह हा पार्श्वभूमीतला प्रोग्राम ती ऐकतो, आणि त्या ओळखीशी जुळणारी जेवढी मॉड्यूलं असतील तेवढी भरतो. ज्याने आधी ताबा घेतला त्याचं कार्ड. दुसरं मॉड्यूल मेमरीत बसून राहतं, पण त्याच्या हाती काही लागत नाही. सातबाऱ्यावर दोन नावं चालतात, एका पीसीआय कार्डाच्या ताब्यात एकच नाव चालतं.

डब्ल्यूएलची आणखी एक खोड आहे. 'मॉडइन्फो डब्ल्यूएल' चालवून 'अलायस'ची ओळ वाचा. तिथे ब्रॉडकॉमचा क्रमांक नसतो. या वर्गातलं कुठलंही नेटवर्क कार्ड चालेल असा मोकळा नमुना असतो. त्यामुळे डब्ल्यूएल टाकलेल्या यंत्रात दुसऱ्या कंपनीचं वायरलेस कार्ड असलं तरी हा त्याच्या दारात जाऊन उभा राहतो. ज्यांच्या कार्डाला याची गरजच नाही, त्यांनी 'असू दे, उपयोगी पडेल' म्हणून तो ठेवू नये असं मला मनापासून वाटतं.

दुसरी गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते, माझ्याही दोन वर्षं सुटली. बीआरसीएमएसमॅक थेट कार्डावर बसत नाही. कार्ड आधी 'बीसीएमए' ताब्यात घेतो आणि मग आतला रेडिओचा भाग बीआरसीएमएसमॅककडे सोपवतो. बीसीएमए मालक, बीआरसीएमएसमॅक कूळ, असं धरा. म्हणूनच सगळं नीट चालू असतानाही 'ड्रायव्हर इन यूज'मध्ये बीसीएमएचं नाव दिसतं, ते पाहून घाबरू नका. याचाच उलटा परिणाम असा की डब्ल्यूएलला वाट मोकळी करायला कुणी फक्त बीआरसीएमएसमॅक अडवला, तर कूळ हटतं पण मालक कार्डावर बसूनच राहतो. डब्ल्यूएल बाहेरच, आणि वायफाय कुणाचंच नाही. जुन्या बी४३ च्या बाबतीत मालकाची ही जागा काही चिपांवर 'एसएसबी' घेतो. शिवाय ब्रॉडकॉमच्या एका जुन्या वायर-नेट ड्रायव्हरलाही एसएसबीच लागतो. अशा लॅपटॉपवर केबलच्या नेटसाठी एसएसबी आला की जाता जाता वायफाय कार्डही आपल्या हाताखाली घेतो.

काळी यादी नेमकं काय अडवते

ड्रायव्हर अडवायच्या फायली 'ईटीसी' फोल्डरातल्या 'मॉडप्रोब.डी'मध्ये असतात. त्यात 'ब्लॅकलिस्ट' आणि पुढे मॉड्यूलचं नाव अशा ओळी असतात. या ओळीचा अर्थ बहुतेक जण 'हे मॉड्यूल कधीच येणार नाही' असा घेतात. तिची हद्द त्याहून बरीच लहान आहे. कार्डाची ओळख ऐकून आपोआप येणाऱ्या मॉड्यूललाच ती थांबवते. दुसऱ्या कुणाला लागतं म्हणून ओढलं जाणारं मॉड्यूल तिला जुमानत नाही. आपण हाताने 'मॉडप्रोब' (मॉड्यूल भरायची आज्ञा) करून आणलेलं तर नाहीच नाही. पूर्ण दार लावायचं असेल तर 'इन्स्टॉल', मॉड्यूलचं नाव आणि पुढे 'बिन' फोल्डरातल्या 'फॉल्स'चा पत्ता अशी ओळ लागते.

ही मर्यादा तपासणीला फार उपयोगी पडते. त्या रात्री तीन नंबरवर मी नुसतं एवढं टाइप केलं:

सुडो मॉडप्रोब बीआरसीएमएसमॅक

तीन-चार सेकंदांत कोपऱ्यातलं चिन्ह बदललं आणि माझ्या इमारतीतली पंधरा-वीस नेटवर्कं यादीत उतरली. हाताने आणल्यावर चालतंय आणि चालू होताना आपोआप येत नाहीये, याचा अर्थ एकच: कुठेतरी काळी यादी आहे. कार्ड, फर्मवेअर (कार्डात भरलं जाणारं सॉफ्टवेअर), अँटेना, सगळे संशयित एका ओळीत सुटले.

यादी शोधायला:

ग्रेप -आर ब्लॅकलिस्ट, आणि पुढे ईटीसी आणि लिब या दोन्ही फोल्डरांतल्या मॉडप्रोब.डीचे पत्ते

तीन नंबरवर दोन फायली सापडल्या. एकीत बी४३, एसएसबी, बीसीएमए, बीआरसीएमएसमॅक अशी सगळी खुली मंडळी अडवलेली. ती डब्ल्यूएलच्या पॅकेजची सोबत, म्हणजे तिचं तिथे असणं रीतसर. दुसरी फाईल छोटी होती. तिच्यात दोनच ओळी:

# तात्पुरतं
ब्लॅकलिस्ट डब्ल्यूएल

ती मी लिहिलेली होती. दोन वर्षांपूर्वी डब्ल्यूएलवर सिग्नल सारखा तुटत होता म्हणून खुला ड्रायव्हर तपासताना टाकली होती, आणि काढायची राहून गेली. 'डीपीकेजी -एस' (इथला एस मात्र मोठा) आणि फाईलचा पूर्ण पत्ता दिला की ती कुठल्या पॅकेजची ते कळतं. 'नो पाथ फाउंड' असं उत्तर आलं तर पॅकेज यादीत तिची नोंद नाही. बहुधा कुणीतरी हाताने लिहिलेली आहे, आणि तिची आठवण ठेवणारं यंत्रात कुणीच नाही.

मग मधल्या काळात वायफाय चालत कसं होतं? 'ईटीसी'मधल्या 'आरसी.लोकल' या फायलीत यंत्र चालू होताना डब्ल्यूएल हाताने भरणारी एक मॉडप्रोबची ओळ होती, आणि हाताने आणलेल्याला काळी यादी थांबवत नाही. म्हणून जोपर्यंत त्या कर्नलसाठी डब्ल्यूएल तयार होता तोपर्यंत सगळं सुरळीत. नवा कर्नल आला की डब्ल्यूएल नाही, खुले ड्रायव्हर अडवलेले, वायफाय शून्य. जुना कर्नल निवडला की डब्ल्यूएल परत. दोन वर्षांचं कोडं त्या तीन फायलींत होतं.

नव्या कर्नलवर डब्ल्यूएल का नसतो

कर्नलबाहेरचा ड्रायव्हर प्रत्येक कर्नलसाठी नव्याने बांधावा लागतो. ते काम डीकेएमएस करतो, पण त्याला त्या कर्नलच्या हेडर फायली लागतात. त्या आल्या नसतील तर बांधणी होत नाही. हेडर आहेत पण कर्नल इतका नवा आहे की डब्ल्यूएलचा जुना कोड त्यावर बसत नाही, असंही होतं. उबुंटू २२.०४ च्या काळात ही उडी चांगलीच जाणवली: मूळ कर्नल ५.१५, मग नव्या हार्डवेअरसाठीच्या मालिकेत ६.२, ६.५ आणि ६.८. मिंट २१ चा पाया हाच.

दोन आज्ञा चालवून उत्तरं शेजारी ठेवा: 'यूनेम -आर' चालू कर्नल सांगते, आणि 'डीकेएमएस स्टेटस' कुठला ड्रायव्हर कुठल्या कर्नलसाठी 'इन्स्टॉल्ड' आहे ते. चालू कर्नलचा आकडा दुसऱ्या उत्तरात नसेल तर चोर सापडला.

लॅपटॉप २०१३ नंतरचा असेल तर सिक्युअर बूटही तपासा: 'मोकयूटिल', पुढे दोन डॅश जोडून 'एसबी-स्टेट'. ते चालू असताना सही नसलेलं मॉड्यूल कर्नल घेत नाही, आणि हाताने मॉडप्रोब केल्यावर 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असा संदेश येतो. इथे ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकून काही होत नाही. स्थापनेच्या वेळी विचारलेला पासवर्ड पुढच्या रीस्टार्टला निळ्या पडद्यावर देऊन किल्ली नोंदवावी लागते. तो निळा पडदा थोडाच वेळ थांबतो. मुलं घाबरून 'कंटिन्यू बूट' दाबतात आणि नोंदणी राहून जाते. त्यांना आधीच सांगून ठेवा.

एकाला ठेवा, दुसऱ्याची पूर्ण निरवानिरव करा

कोणता ठेवायचा हे चिपच्या आकड्यावर ठरवा. ४७२७ म्हणजे बीसीएम४३१३ असेल तर माझं मत ठाम आहे: खुला बीआरसीएमएसमॅक. तो कर्नलसोबतच येतो, त्यामुळे कर्नल बदलला तरी मागे राहत नाही. ४३१५ म्हणजे बीसीएम४३१२ ला बी४३ चालतो, पण त्याचं फर्मवेअर वेगळं उतरवावं लागतं आणि त्या वेळी नेट हवंच. तिथे टेदरिंगची केबल तयार ठेवा. ४३६५ म्हणजे बीसीएम४३१४२ असेल तर निवड उरत नाही, डब्ल्यूएलच लागतो.

तीन नंबरवर मी या क्रमाने गेलो. पॅकेज काढताना 'अॅप्ट रिमूव्ह' वापरला नाही, 'अॅप्ट पर्ज' वापरला. रिमूव्ह पॅकेज काढतो पण ईटीसीमधल्या फायली मागे ठेवतो, आणि आपल्याला त्याच फायली नको आहेत. उबुंटू-मिंटवर पॅकेजचं नाव 'बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स', डेबियनवर 'ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस'. मग माझी 'तात्पुरतं'वाली फाईल पुसली, आणि आरसी.लोकलमधली डब्ल्यूएलची ओळही. पुन्हा एकदा ग्रेप चालवून खात्री केली की बीसीएमए किंवा बीआरसीएमएसमॅक अडवणारं काही उरलं नाही. शेवटी:

सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू

ही ओळ बरेच जण गाळतात. चालू होताना सर्वात आधी जी छोटी फाईलप्रणाली मेमरीत येते तिच्यात मॉडप्रोब.डीची नक्कल असते. मूळ फाईल पुसली तरी नक्कल जुनीच राहते, आणि 'मी तर काढलं होतं' म्हणून माणूस चक्रावतो.

त्यानंतर रीस्टार्ट न करता यंत्र पूर्ण बंद करा आणि अर्ध्या मिनिटाने चालू करा. आधीच्या ड्रायव्हरने कार्ड ज्या अवस्थेत सोडलं असेल ती साध्या रीस्टार्टमध्ये तशीच राहू शकते. मी असं तीनदा केलं, तिन्ही वेळा एलएसपीसीआयची दुसरी ओळ बीसीएमए-पीसीआय-ब्रिज आली. दुसरी ओळ बरोबर आहे आणि तरी नेटवर्क दिसत नसेल, तर 'सुडो डीमेसेज'मध्ये (कर्नलचे संदेश) फर्मवेअर सापडलं नसल्याची ओळ शोधा आणि 'लिनक्स-फर्मवेअर' पॅकेज पुन्हा बसवा.

सहा नंबरचा आजार थोडा वेगळा होता. तिथे वायफाय कधी यायचं, कधी नाही, आणि दोन दिवस सलग सारखं वागायचं नाही. तिथे काळी यादी नव्हतीच. कुणीतरी ईटीसीमधल्या 'मॉड्यूल्स' या फायलीत डब्ल्यूएलचं नाव लिहून ठेवलं होतं. ती फाईल वाचून सिस्टिमडी (यंत्र चालू होताना सेवा सुरू करणारा प्रोग्राम) एका वाटेने डब्ल्यूएल आणत होता आणि दुसऱ्या वाटेने यूडेव्ह बीसीएमए. रोज सकाळी शर्यत, आणि निकाल रोज वेगळा. ती एक ओळ काढली आणि पॅकेज पर्ज केलं, तेवढ्यावर भागलं. तुमचं वायफाय असं लहरी वागत असेल तर राउटरला दोष देण्याआधी ही फाईल उघडून बघा.

यूएसबी डोंगलचं भांडण

घणसोलीहून येणारा एक मुलगा स्वतःच्या लॅपटॉपसाठी यूएसबी वायफाय डोंगल घेऊन आला. आत रिअलटेकची ८८२१सीयू चिप. 'एलएसयूएसबी'त ओळख ०बीडीए:सी८११. नेट यायचं, दहा मिनिटांनी जायचं. त्याने आधीच्या जुन्या कर्नलवर कुणीतरी दिलेली स्क्रिप्ट चालवून '८८२१सीयू' नावाचं बाहेरचं मॉड्यूल टाकलं होतं, आणि तेव्हा ते बरोबरच होतं. पण २०२३ मध्ये आलेल्या ६.२ कर्नलपासून या चिपसाठी यूएसबीचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. त्याचं नाव 'आरटीडब्ल्यू८८_८८२१सीयू'. त्या मुलाचा कर्नल ६.८ झाला होता, आणि 'एलएसमॉड'मध्ये (भरलेल्या मॉड्यूलांची यादी) दोन्ही ड्रायव्हर हजर.

यूएसबीसाठी ताबा बघायची आज्ञा 'एलएसयूएसबी -टी'. ओळीत 'ड्रायव्हर='च्या पुढे नाव येतं. आम्ही डीकेएमएसमधून बाहेरचं मॉड्यूल काढलं. त्या स्क्रिप्टने मॉडप्रोब.डीत टाकलेली दोन फायलींची पिलावळही पुसली, कारण अशी स्क्रिप्ट जाताना स्वतःच्या फायली घेऊन जाईलच असं नसतं. डोंगल दुसऱ्या यूएसबी खाचेत लावून तपासलं. दोन तास सलग चाललं, मग आम्ही उठलो.

डोंगलची ओळख ०बीडीए:१ए२बी अशी दिसली तर ते अजून सीडीच्या रूपात आहे, विंडोजचे ड्रायव्हर आत घेऊन. 'यूएसबी-मोडस्विच' पॅकेज त्याला वायफायच्या रूपात आणतं. ड्रायव्हरकडे वळायचं त्यानंतर.

आता अभ्यासिकेत काय पद्धत आहे

अभ्यासिका सांभाळणाऱ्या काकांनी प्रत्येक लॅपटॉपला वहीचं एक पान दिलंय. वर कार्डाचा आकडा, खाली ठेवलेला ड्रायव्हर, आणि मॉडप्रोब.डीत हाताने काही लिहिलं तर तारखेसकट नोंद. काकांना टर्मिनल येत नाही, पण नोंद केल्याशिवाय ते मला लॅपटॉप बंद करू देत नाहीत.

सातांपैकी चार यंत्रांवर आता बाहेरचा एकही ड्रायव्हर नाही. गेल्या तीन कर्नल अपडेटना त्यांच्याकडून फोन आलेला नाही. दोघांवर पहिल्यापासूनच वेगळी कार्डं आहेत, त्यांचा त्रास कधी नव्हता.

राहिला पाच नंबर. त्यात ४३६५ आहे, म्हणजे डब्ल्यूएलशिवाय गत्यंतर नाही. तो ५.१५ च्या मालिकेवरच ठेवलाय आणि हेडरचं पॅकेज कर्नलसोबत आपोआप यावं म्हणून 'लिनक्स-हेडर्स-जेनेरिक' बसवलंय. त्यावर अपडेट झालं की रीस्टार्ट करण्याआधी डीकेएमएस स्टेटस बघायचा, नव्या कर्नलपुढे 'इन्स्टॉल्ड' आहे का ते. नसेल तर यंत्र चालू असतानाच, वायफाय हातात असतानाच, बांधणी करून घ्यायची. जुना कर्नल किमान एक तरी शिल्लक ठेवायचा.

या रविवारी तिथे नवा कर्नल उतरला आणि स्टेटसमध्ये त्याचा आकडा आला नाही. झाकणावर काकांनी चिठ्ठी लावली आहे: 'रीस्टार्ट करू नये, दादा शनिवारी येणार.'